विजेच्या तारेवांचून चालणारी पाइपलाइन

आपल्या जिल्ह्यांतील नदीकांठच्या बागाईतदाराची इस्टेट जितकी जमिनीच्या वर दिसते, तितकीच जमिनीखालीं पुरलेली असते. भीमा, सीना व माण या नद्यांपासून आणि उजनीच्या फुगवट्यापासून लांबलांब पाइपलाइनी नेऊन माळावरच्या जमिनी भिजविणारे शेतकरी आपल्याकडे थोडेथोडके नाहींत. नळ पुरण्याचें काम एकदांच करावें लागतें. त्यांतून पाणी ढकलणारी शक्ति मात्र रोज लागते. जेथें विजेची तार पोंचली नाहीं, किंवा पोंचली असून रात्रीच्या पाळीसच वीज देते, तेथें अलीकडे सौर पंप येऊं लागले आहेत. २०१९ सालीं केंद्र सरकारनें सुरू केलेली कुसुम योजना व २०२४ सालीं राज्य सरकारनें काढलेली ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना यांमुळें त्यांचा प्रसार झपाट्यानें झाला. किमतीचा दहावा हिस्सा, व अनुसूचित जाति-जमातींच्या शेतकऱ्यांनीं विसावा हिस्सा, भरला कीं पंप मिळतो, ही सवलत लहान नाहीं.

परंतु या योजनेंतील एका नियमाकडे वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे. पंप किती अश्वशक्तीचा मिळावा हें जमिनीच्या क्षेत्रावरून ठरतें: अडीच एकरांपर्यंत ३, पांच एकरांपर्यंत ५, आणि त्याहून अधिक जमिनीस साडेसात. नदी शेतापासून किती लांब आहे आणि शेत नदीपेक्षां किती उंच आहे, हें या कोष्टकांत कोठेंच येत नाहीं. मळईंतल्या पांच एकरांच्या खातेदारास व माळावरच्या पांच एकरांच्या खातेदारास पंप एकच. म्हणजे दुसऱ्याला शक्ति वाढवून घेतां येत नाहीं. शक्तीची गरज कमी करणें एवढेंच त्याच्या हातीं राहतें. ती कशी कमी करावी, याचा या लेखांत विचार करूं. हा प्रश्न केवळ आपलाच नाहीं. जगांत जेथें जेथें लांबचा नळ व जवळ वीज नाहीं अशी स्थिति आहे, तेथें तेथें तो सोडवावा लागला आहे; आणि त्यांतील कांहीं उत्तरें आपल्या शिवारापासून फार दूरचीं असलीं तरी बोध देणारीं आहेत.

प्रथम जवळचें उदाहरण घेऊं. हिंदुस्थान पेट्रोलियम कंपनीची मुंबई–पुणें–सोलापूर तेलवाहिनी असंख्य शेतांखालून येऊन सोलापूरजवळ पाकणी येथील साठ्याच्या केंद्रांत पोंचते. ज्यांच्या शेतांतून अशी वाहिनी गेली आहे त्यांना तिचे खुणेचे खांब ओळखीचे आहेत. पेट्रोलियम नळांविषयींच्या १९६२ च्या कायद्याप्रमाणें अशा पट्ट्याची मालकी शेतकऱ्याचीच राहते व त्यांत पीकही घेतां येतें. मात्र तेथें घर बांधणें, विहीर किंवा तळें खोदणें व झाड लावणें यांस मनाई आहे. तेल ढकलणारे मोठे पंप या वाहिन्यांच्या ठराविक ठाण्यांवर असतात. पण अशा पोलादी नळास वाटेंतही जागोजाग थोडी थोडी वीज लागतेच, आणि ती कशासाठीं लागते हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

ती लागते गंज थांबविण्यासाठीं. ओल्या मातींत पुरलेलें पोलाद जेथें गंजतें तेथें धातूंतून मातींत अगदीं सूक्ष्म विद्युत्प्रवाह बाहेर पडत असतो, आणि त्याबरोबर लोखंडाचे कणही झिजून जातात. तेव्हां बाहेरून वीज देऊन हा प्रवाह उलट फिरविला, म्हणजे तो मातींतून नळाकडे येऊं लागला, कीं लोखंड जागच्या जागीं राहतें. यासाठीं नळ ऋण टोंकास जोडतात. धन टोंकास जोडलेले तुकडे कांहीं अंतरावर पुरतात व नळाऐवजीं तेच झिजूं देतात. नळ पुरेसा सुरक्षित आहे किंवा नाहीं हें मोरचुदाच्या द्रावणांत तांब्याची कांडी ठेवलेल्या एका साध्या उपकरणानें मोजतात. तें उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक उणे दाखवूं लागलें म्हणजे ठीक. नळावर प्लॅस्टिकचा जाड लेप असल्यामुळें जेथें ओरखडा असेल तेथेंच काय तो प्रवाह शिरतो. म्हणून मैलोगणती नळाला कांहीं थोड्या अँपिअरांची वीज पुरते. लेप नसता तर तितक्याच नळास कित्येक पटींनीं वीज लागली असती. आधीं लेप देऊन गरज घटविली, आणि मग उरलेल्या लहानशा गरजेसाठीं वीज शोधली, हा क्रम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. (जातां जातां: धन टोंकाचे तुकडे पुरलेल्या जागेजवळ कोणाचा लोखंडी नळ किंवा बोअरचा लोखंडी केसिंग असेल, तर भरकटलेल्या प्रवाहानें तो गंजण्याचा संभव असतो. प्लॅस्टिकच्या नळास हें भय नाहीं.)

आतां दूरचें उदाहरण. अमेरिकेच्या अलास्का प्रांतांत प्रुढो बे येथून वॉल्डीझ बंदरापर्यंत सुमारें १,२९० किलोमीटर लांबीची तेलवाहिनी १९७७ सालीं सुरू झाली. तिच्या उत्तर टोंकास हिवाळ्यांत जवळजवळ दोन महिने सूर्य क्षितिजावर येतच नाहीं. त्या काळांत सौर पॅनेल म्हणजे नुसती कांच. बॅटरीवर भरंवसा ठेवावा तर शिसे-आम्लाच्या बॅटरीची ताकद शून्याखालीं २० अंशांवर निम्म्याच्या आसपास येते, आणि उतरलेली बॅटरी तर गोठून फुटते. अशा ठिकाणच्या झडपा व संदेशयंत्रें चालविण्यासाठीं सबंध हिवाळा माणसाच्या हाताशिवाय चालेल अशी वीज हवी. त्यासाठीं तेथें बंदिस्त चाकाचीं यंत्रें बसविलीं. त्यांत लहानशा ज्योतीवर एक द्रव उकळतो, त्याच्या वाफेनें चाक फिरतें, वाफ थंड होऊन पुन्हां द्रव होतो व तोच पुन्हां उकळतो. सर्व कांहीं एका सीलबंद भांड्यांत असतें.

अशा थंड प्रदेशांतील वायूच्या नळांवर याहूनही साधी युक्ति वापरतात. १८२१ सालीं सीबेक या शास्त्रज्ञास असें दिसलें कीं, दोन निराळ्या धातूंचे सांधे जोडून एक सांधा तापविला व दुसरा थंड ठेवला, तर शेजारची चुंबकसूची हलते. तें हलणें त्यांत उत्पन्न होणाऱ्या विजेमुळें होतें, हें पुढें स्पष्ट झालें. याच तत्त्वावरील जनित्रांत नळांतला वायु थोडासा जाळून एक बाजू तापवितात, दुसरी बाजू बाहेरची थंड हवा निववितें. हलणारा भाग एकही नाहीं, म्हणून वंगण नको व झीज नाहीं. शंभर भाग उष्णतेंतून जेमतेम पांचाच्या आसपास भाग वीज मिळते. पण इंधन नळांतच असल्यावर त्याची पर्वा कोण करतो? थंडी जितकी कडक तितकी वीज थोडी जास्तच.

अलास्कांतील सर्वांत चांगली युक्ति मात्र ती, जींत वीज मुळींच लागत नाहीं. तेथील जमीन बारमाही गोठलेली आहे. ती विरघळली तर नळाचे आधार खचतात. म्हणून तो नळ निम्म्याहून अधिक अंतर खांबांवरून नेला आहे, आणि पुष्कळ खांबांत अमोनिया भरलेल्या बंद नळ्या उभ्या घातल्या आहेत. त्यांची एकूण संख्या सव्वा लाखाच्या घरांत आहे. जमिनींतील किंचित् उष्णतेनें अमोनियाची वाफ होऊन वर चढते, वरच्या पंख्यासारख्या पत्र्यांत थंडीनें तिचा पुन्हां द्रव होतो व तो खालीं उतरतो. अशा रीतीनें जमिनींतली उष्णता हिवाळाभर आपोआप बाहेर टाकली जाते. वर्षानुवर्षें हें चाललें आहे, आणि त्याला तार नाहीं, मोटर नाहीं व बिलही नाहीं.

आतां आपल्या माळाकडे वळूं. आपली स्थिति अलास्काच्या अगदीं उलट आहे. तेथें सूर्य नाहीं तेव्हांच गरज टळत नाहीं. येथें पिकाला पाणी सर्वांत जास्त लागतें तें ज्या महिन्यांत ऊन सर्वांत कडक असतें त्याच महिन्यांत. सौर पंपास याहून अनुकूल हवा कोणती? तरीही पुष्कळ ठिकाणीं ‘सोलर बसविला पण पाणी शेवटच्या तुकड्याला जात नाहीं’ ही तक्रार ऐकूं येते. अशा वेळीं दोष पॅनेलला दिला जातो. आमच्या मतें दहांतील बहुतेक प्रसंगीं दोष नळाचा असतो.

हिशेब करून पाहूं. एक हजार लिटर पाणी सुमारें ३७ मीटर वर चढविण्यास नेमकी एक दशांश युनिट शक्ति लागते. पंप, मोटर व नियंत्रक यांत मिळून जवळजवळ निम्मी शक्ति वायां जाते, म्हणून प्रत्यक्षांत दोन दशांश युनिट धरावी. समजा, नदीपासून शेत ६०० मीटर, म्हणजे सुमारें दोन हजार फूट लांब आहे, २५ मीटर उंच आहे, आणि आपणांस सेकंदास ५ लिटर पाणी हवें आहे. २५ मीटरांची उंची कोणालाच चुकत नाहीं. परंतु नळाच्या भिंतीशीं पाण्याचें जें घर्षण होतें तेंही उंचीसारखेंच असतें. पंपाला तीं दोन्हीं सारखींच ओझीं. पी.व्ही.सी. नळांत हें घर्षण किती होतें पाहा. ६३ मिलिमीटर नळांत सुमारें ३३ मीटर, ७५ च्या नळांत १४, ९० च्या नळांत ६ पेक्षां थोडें कमी, आणि ११० च्या नळांत केवळ २ मीटर. व्यास निम्मा केला तर घर्षण दुप्पट नव्हे, चौपटही नव्हे, जवळजवळ तीसपट होतें; ही गोष्ट सहसा कोणी दुकानांत सांगत नाहीं.

म्हणजे ६३ च्या नळावर पंपास ५८ मीटर चढण पडते, ९० च्या नळावर ३१. पहिल्यास पॅनेलकडून सुमारें ५.७ किलोवॅट मागावे लागतात, ७५ च्या नळास ३.८, आणि ९० च्या नळास ३ किलोवॅट पुरतात. पांच अश्वशक्तीच्या पंपाबरोबर साधारणतः पांच किलोवॅटच्या आसपास पॅनेल येतात. मे महिन्याच्या उन्हांत व धुळींत त्यांतून भर दुपारींही ४ किलोवॅटच्या आसपास मिळाले तर पुष्कळ. तेव्हां ६३ च्या नळांतून सेकंदास ५ लिटर पाणी दिवसांतून एक क्षणभरही येणार नाहीं. ७५ च्या नळांतून तें ऐन दुपारीं येईल, आणि ९० च्या नळांतून दुपारच्या अलीकडे-पलीकडे बरेच तास येत राहील. ११० चा नळ घेतल्यास आणखी फार तर चारशें वॅट वांचतात. त्यासाठीं वाढीव किंमत द्यावी असें वाटत नाहीं. लांबी दीड किलोमीटर असेल तर मात्र हा निर्णय बदलेल, कारण घर्षण लांबीच्या प्रमाणांत वाढतें. तीन अश्वशक्तीचा पंप असून सेकंदास ३ लिटरांवर भागत असेल, तर ६०० मीटरांस ७५ चा नळ पुरे. त्यांत घर्षण ५ ते ६ मीटरच होतें.

महावितरणच्या विजेवर ही चूक खपून जाते. तेथें मोटर मोठी घेतली, कीं बारीक नळांतूनही पाणी रेटतां येतें, व त्याचा दंड सवलतीच्या बिलांत लपतो. सौर पंपावर लपण्यास जागाच नाहीं.

उंची व घर्षण यांचें ओझें सारखें असलें तरी त्यांच्या वागणुकींत एक भेद आहे. सकाळीं ऊन मंद असतें तेव्हां पंप सावकाश फिरतो. पंपाचा वेग निम्मा झाला तर त्याची चढविण्याची ताकद चौथाईवर येते. तेव्हां पंप फिरत असूनही २५ मीटर गांठेपर्यंत शेतांत एक थेंबही पडत नाहीं. घर्षणाचें तसें नाहीं. पाणी कमी वाहिलें कीं तें झटकन् उतरतें. म्हणून सकाळीं पाणी किती वाजतां सुरू होईल हें उंची ठरविते, आणि दुपारीं किती येईल हें नळाची जाडी ठरविते. उंची कमी करणें आपल्या हातीं नसतें असें आपण समजतों. पण सगळें पाणी शेताच्या शिखरावर नेऊन मग खालीं सोडण्याची संवय जेथें गरज नसतां पाळली जाते, तेथें खालच्या तुकड्यास वेगळें तोंड ठेवून सकाळचे दोन तास वांचवितां येतात.

आपल्याकडील आणखी एक अडचण ढगांची. पर्जन्यछायेंतील आपल्या जिल्ह्यांत श्रावणांत कित्येक दिवस आभाळ भरलेलें असतें व पाऊस मात्र पडत नाहीं. ऊन नाहीं आणि ओलही नाहीं, असा तो काळ पिकाला व पंपाला सारखाच जाचक. यावर पुष्कळजण बॅटरी सुचवितात. आमचें मत याविरुद्ध आहे. अलास्कांत थंडी बॅटरीला निकामी करते, तर आपल्याकडे उष्णता तिचें आयुष्य खाते. शिसे-आम्लाची बॅटरी दहा अंश अधिक उष्ण राहिली तर तिचें आयुष्य निम्म्यावर येतें. शिवाय आपणांस रात्रीं वीज नको असते, पाणी हवें असतें. मग पाणीच साठवावें. शेताच्या उंच कोपऱ्यावर एक लाख लिटरांचें तळें असेल आणि तें नदीपासून २५ मीटर वर असेल, तर त्यांत जवळजवळ सात युनिट शक्ति साठलेली आहे असें समजावें. आणि ती वर्षानुवर्षें बिघडत नाहीं. तळें पिकाच्या पातळीपेक्षां दहा मीटर उंच असेल तर ठिबकास लागणारा साधारण एक किलोचा दाबही त्यांतूनच मिळतो. सांगोल्याकडील डाळिंबाच्या बागांस अशी रचना विशेष सोयीची, कारण त्यांस पाणी थोडें पण नेमानें लागतें. उघड्या तळ्यांतून उन्हाळ्यांत बाष्पीभवनानें पाणी उडतें हा दोष खरा. म्हणून तळें पसरट न करतां खोल करावें.

ढगांचा दुसरा उपद्रव नळास होतो. ऊन एकाएकीं झांकलें व पंप थांबला कीं चढावरील पाण्याचा सबंध स्तंभ मागें फिरतो आणि बंद झडपेवर आपटतो. वरील उदाहरणांत, ९० च्या नळांत पाण्याचा वेग सेकंदास सुमारें ०.९ मीटर असतो; तें एकदम अडलें तर तीस-बत्तीस मीटरांचा जादा धक्का बसूं शकतो. मुळचा ताण ३१ मीटरांचा, त्यांत हा मिळविला म्हणजे सहा किलोंच्या वर दाब जातो. तेव्हां नदीकडील खालच्या भागांत चार किलोचा नळ टाकून पैसे वांचवूं नयेत. तेथें सहाचाही काठावर येतो, दहाचा घ्यावा, आणि वरच्या अर्ध्या चढास हलका नळ चालेल. पंपाजवळ न-परत झडप, चढाच्या प्रत्येक उंचवट्यावर हवेची झडप, आणि नळाची खोली निदान तीन फूट, म्हणजे नांगर व ट्रॅक्टर यांपासून तो वांचतो.

पॅनेलविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. तोंड दक्षिणेस व कल १७ ते २० अंशांचा असावा. पॅनेल २५ अंशांवरून जितके अंश तापतो तितके अंश दर शेंकडा सुमारें ०.३५ ते ०.४ इतकी वीज घटते. आपल्याकडे मे महिन्यांत पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापतात, म्हणजे १४ ते १६ टक्के वीज जातेच. म्हणून त्यांच्या पाठीमागून वारा खेळता राहील असें पाहावें व पत्र्याला चिकटवून बसवूं नयेत. धूळ पहांटे किंवा सायंकाळीं धुवावी. तापलेल्या कांचेवर दुपारीं थंड पाणी मारूं नये.

उजनीच्या फुगवट्यावरील शेतकऱ्यांस मात्र एक वेगळी गोष्ट विचारांत घ्यावी लागते. उन्हाळ्यांत पाणी मृत साठ्यांत उतरलें कीं काठ शेंकडों मीटर मागें सरतो, आणि करमाळ्याकडील शेतकरी मोटर व नळ पाण्यामागें नेत राहतात. अशा ठिकाणीं पहिल्या दिवसाच्या उंचीवरून पंप निवडूं नये. सर्वांत उतरलेल्या पाण्याची पातळी धरून लांबी व उंची मोजावी. पॅनेल हलविणें अवघड असल्यामुळें ते वर स्थिर ठेवावे लागतात, व मग केबलची लांबी वाढते. केबलही जाड घ्यावी लागते, कारण तारेचें घर्षण नळाच्या घर्षणाहून वेगळें नाहीं. पृष्ठभागावरील पंपानें व्यवहारांत सहा-सात मीटरांहून खोलवरून पाणी ओढलें जात नाहीं. म्हणून काठ सरकत असेल तेथें तराफ्यावरील किंवा पाण्यांत बुडविलेला पंपच बरा.

ज्यांची पाइपलाइन आधींच पुरलेली आहे त्यांनीं नळ जाड कीं बारीक याविषयीं तर्क करीत बसण्यापेक्षां पंपाच्या पुढें, न-परत झडपेच्या वर, दाबमापक बसवावा. त्याची किंमत फारशी नसते. नळ भरलेला असतां पंप बंद करून कांटा काय दाखवितो तें लिहून ठेवावें; ती उंची. नंतर भर दुपारीं पंप पूर्ण चालू असतां पुन्हां पाहावें. जो फरक येईल तें घर्षण. एक किलो म्हणजे दहा मीटर. पहिला आंकडा अडीच आणि दुसरा तीनाच्या आसपास असेल, तर नळ उत्तम आहे. पहिला अडीच आणि दुसरा पांचाच्या वर असेल, तर पॅनेल वाढविण्यासाठीं अर्ज करण्यापूर्वीं नळाच्या पहिल्या निम्म्या भागाशेजारीं तितक्याच व्यासाचा दुसरा नळ टाकून दोन्ही टोंकें जोडावींत. त्या भागांतील घर्षण जवळजवळ चौथाईवर येतें. नवीन पंपाचा अर्ज भरणाऱ्यानें नदीचा काठ ते शेताचा माथा ही उंची पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनें, गवंडी जशी पातळी काढतात तशी, टप्प्याटप्प्यानें मोजून घ्यावी. दोन माणसांना एका सकाळीं हें काम होतें, आणि पाहणीसाठीं येणाऱ्या माणसाच्या हातीं अंदाजाऐवजीं आंकडा देतां येतो.